वाशी–येरमाळा जीपमध्ये ऐकलेले पॉडकास्ट

वाशी–येरमाळा जीपमध्ये पुढची खिडकीची जागा मला देण्यात आली. ती जागा मुक्ताची होती हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी तिथेच बसले.

स्टार्टअप कंपन्यांत नोकरी शोधणाऱ्यांनी कोणते पॉडकास्ट ऐकावेत, याची यादी आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीला हवी होती. अशी यादी पुण्यात ऑफिसात बसून अर्ध्या दिवसात होते. आधी वाचकांना विचारलं होतं, तुम्ही काय ऐकता. आलेल्या उत्तरांत एक व्हॉइस मेसेज होता. "नमस्कार, मी मुक्ता, तेरखेड्याची. मी एकटी नाही ऐकत, आमची अख्खी जीप ऐकते. तुम्हाला यादी करायची तर एकदा जीपमध्ये येऊन बसा." तिच्या मागे एक पुरुषी आवाज ओरडत होता, "येरमाळा, येरमाळा, येरमाळा!" संपादकांनी तो मेसेज दोनदा ऐकला आणि मला जायला सांगितलं.

परंडा, भूम

कुर्डूवाडीला रेल्वेतून उतरून परंड्याची एसटी पकडली. परंड्यात पुढच्या गाडीला अवकाश होता म्हणून किल्ला पाहिला. बुरुजावर लांबलचक तोफ आहे आणि तिच्यावर बसून दोन कॉलेजकुमार मोबाइलवर क्रिकेट पाहत होते. त्यांना पॉडकास्ट ऐकता का असं विचारलं. एक म्हणाला, "ऐकतो की. झोप लागत नसली की." हे मी वहीत लिहून घेतलं, कारण आमच्या आधीच्या कुठल्याही यादीत हा निकष नव्हता.

भूमला स्टँडबाहेर खव्याच्या भट्ट्यांचा वास येतो. मोठ्या कढईत दूध आटत असतं आणि खुंट्यासारखं लाकडी उलथणं न थांबता फिरत असतं. हॉटेलात खव्याचे गुलाबजाम मागवले. पुण्यात गुलाबजाम वाटीत मोजून येतात. इथे पोऱ्याने बशी ठेवली आणि विचारलं, "पाक वरून घालू का खालून?" प्रश्नाचा अर्थ कळला नाही, तरी मी "वरून" म्हणाले आणि साडीवर पाक घेतला. तोच डाग घेऊन वाशीच्या स्टँडवर उतरले.

वाशी, तेरखेडा

ज्ञानोबा जीपच्या टपावर चढून एक गोणी बांधत होते. मुक्ताचे वडील. पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, डोक्यावर टॉवेल. खाली उतरून त्यांनी हात टॉवेलला पुसले, नमस्कार केला आणि पुढचं दार उघडलं. "बसा बाई. ही जागा चांगली हाय, इथून समदं नीट ऐकू येतं."

मुक्ता मागे जाऊन बसली. तेवीस वर्षांची, बार्शीला बीसीए झालेली, हातात मोबाइल. तिच्या बोटांचं काम सतत चालू होतं. थोड्या वेळाने पाहिलं, तेव्हा कळलं की ती प्रवाशांच्या एका ग्रुपवर लिहीत होती, "सुटली." मग, "पुलावर." मग, "फाट्यावर, सखूमावशी बाहेर या." फाट्यावर जीप थांबली तेव्हा एक म्हातारी टोपली घेऊन घरातून थेट जीपमध्ये आली. उन्हात उभी राहिलेली नव्हती. हा ग्रुप मुक्तानेच सुरू केला होता. जीप कुठे आहे हे विचारायला ज्ञानोबांना आता कोणी फोन करत नाही.

पॉडकास्टची सुरुवात भांडणातून झाली. जीपमध्ये गाणी लागत. सखूमावशींना भजन हवं, वाशीत शिलाईचं दुकान असलेल्या रशीदभाईंना कव्वाली हवी, तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांना सिनेमातलं हवं. एकाचं लावलं की बाकीच्यांची तोंडं वाकडी. मुक्ता नोकरीच्या तयारीसाठी कानात इअरफोन घालून काही ऐकायची. ज्ञानोबा म्हणाले, "तू काय ऐकतीस ते आमाला बी कळू दे." तिने मोबाइल जीपच्या स्पीकरला जोडला. त्या दिवसापासून भांडण मिटलं, कारण ते कुणाच्याच आवडीचं नव्हतं. नंतर ते सगळ्यांच्याच सवयीचं झालं.

कारखान्याच्या बायकांसाठी त्याला आणखी एक कारण होतं. फटाक्यांत दारू भरतात त्या शेडमध्ये मोबाइल नेता येत नाही. त्या उतरताना फोन ज्ञानोबांकडे देतात. एका कापडी पिशवीत ते फोन दिवसभर ड्रायव्हरच्या सीटमागे लटकतात आणि संध्याकाळी परत मिळतात. दिवसभरात जे काही ऐकायचं ते जीपमध्येच.

पुण्यात आम्ही ऑफिसच्या गाडीतून येतो-जातो तेव्हा प्रत्येकाच्या कानात वेगळं काही चालू असतं आणि कोणी कोणाशी बोलत नाही. इथे एक माणूस स्पीकरमधून बोलतो आणि सगळे त्याला उत्तर देतात.

पॉडकास्टांची खरी नावं जीपमध्ये कोणी घेत नाही. त्यांना घरची नावं आहेत. पहिली कंपनी कशी बुडाली हे सांगणारे पाहुणे ज्यात येतात, तो 'रडका'. दोन मित्र हिंदीत गप्पा मारतात, ते 'भाऊ-भाऊ'. बायोडाटा, मुलाखत, पगाराची बोलणी यांवर एक बाई नेमकं सांगते, ती 'मास्तरीण'. आणि एक जण दर वाक्याला "अमेझिंग" म्हणतो, त्याला काहीच नाव नाही. तो लागला की रशीदभाई म्हणतात, "ज्ञानोबा, गाडी जरा जोरात घे."

मी विचारलं, चांगला कोणता?

सखूमावशी म्हणाल्या, "उतरताना 'उद्या कुठनं लावणार' असं आपसूक तोंडात आलं तर त्यो चांगला."

"आणि रडका?"

"लई चांगला. पण एक कळंना. कंपनी बुडाली म्हणून सांगतंय आन् हसतंय. आमच्यात बुडालं की माणूस वर्षभर बाजारात तोंड दाखवीत न्हाय."

"मावशी, ते नंतर वर आलेले असतात," मुक्ता मागून म्हणाली. "वर न आलेल्यांना बोलवत नाहीत."

हे वाक्य मी यादीच्या प्रस्तावनेत वापरलं. तिचं नाव घातलं नाही. जागा नव्हती.

मुक्ताच्या घरी

मुक्ताची मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी होती. मी येणार हे ठरल्यानंतर तिला ती तारीख मिळाली होती आणि तिला हा शुभशकुन वाटत होता. पुण्यातली एक नवी कंपनी. लहान गावांतल्या प्रवासी आणि मालाच्या गाड्या मोबाइलवरून जोडून द्यायच्या, असं तिचं काम. मुक्ताने ज्या जागेसाठी अर्ज केला होता त्या जागेवरच्या माणसाला दिवसभर गाडीवाल्यांशी बोलायचं होतं. आधी दोन कंपन्यांनी तिला नाकारलं होतं. घरात ठरलं होतं की ही तिसरी शेवटची, मग लग्नाचं पाहायचं. हे मला तिच्या आईने, कमलताईंनी, भाकरी थापता थापता सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. कमलताई म्हणाल्या, "पुण्यात हॉटेलात मिळत्यात का?" मिळतात, पण असे नाहीत, असं मी म्हणाले आणि ते खरं होतं.

जेवणाआधी ओट्यावर बसून मुक्ताने मला विचारलं, "ताई, माझं उत्तर ऐकता का? तुम्ही रोज लोकांचं लिहिलेलं नीट करता ना."

तिने सांगायला सुरुवात केली. "माझे वडील वाशी ते येरमाळा जीप चालवतात. मी त्यांच्या शेजारी बसते. कोण कुठं चढतं, कोण कुणाची वाट बघतं, पाऊस असला की कोण येत नाही, हे मला पाठ आहे. म्हणून मी एक ग्रुप काढला…"

मी बावीस वर्षं बातम्या कापते आहे. पहिलं वाक्य लांब वाटलं की हात आपोआप जातो. मी म्हणाले, "सुरुवात जड होतेय. 'आमच्या कुटुंबाचा वाहतूक व्यवसाय आहे' असं म्हण. नेमकं वाटतं. जीप, शेजारी बसणं, हे सगळं गाळ."

"पण ताई, एकच जीप हाय."

"किती आहेत ते विचारत नाहीत कोणी."

तिने ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी तिचा आवाज 'मास्तरिणी'सारखा झाला. मी "छान" म्हणाले. ज्ञानोबा अंगणात जीपचं चाक बदलत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ते पाहावं असंही माझ्या मनात आलं नाही.

चिंचेखाली

मुक्ताच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. मुलाखत घरात शक्य नव्हती. ज्ञानोबांनी दुपारची फेरी उशिरा सोडायचं ठरवलं आणि जीप गावाबाहेर चिंचेखाली लावली. मुक्ता पुढे बसली, आपल्या जागेवर. मोबाइल समोर काचेला टेकवला. मी मागच्या बाकावर. मुलाखत नुसत्या आवाजावर होती, चित्र नव्हतं. ज्ञानोबा बाहेर. थोडं पलीकडे दगडावर सखूमावशी आणि रशीदभाई फेरीची वाट पाहत बसले होते. त्यांना कोणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं, तरी ते गप्प होते.

फोन लागला आणि मुलाखत घेणाऱ्या तरुणाचा आवाज जीपच्या स्पीकरमधून आला. मुक्ताचा मोबाइल जीपमध्ये शिरला की आपोआप स्पीकरला जोडला जातो. इतक्या महिन्यांत तो तोडायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. आता मध्येच काही करायला गेलं तर फोन तुटेल, या भीतीने तिने हात लावला नाही. काचा उकाड्यामुळे अर्ध्या खाली होत्या. चिंचेखाली सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

तरुण चांगला बोलत होता. त्याने विचारलं, "तुमच्याबद्दल सांगा."

"आमच्या कुटुंबाचा वाहतूक व्यवसाय आहे," मुक्ता म्हणाली. पुढचंही मी नीट केलेलं होतं, तेही तिने नीट म्हटलं.

तेवढ्यात सीटमागची पिशवी वाजली. कारखान्यात फोन नेता येत नाही हे विसरून कुणाच्या घरून फोन आला असावा. एक आरती सुरू झाली. ती थांबायच्या आत दुसऱ्या फोनवर हलगी सुरू झाली. मी पिशवी कवटाळून पोटाशी धरली, पण फोन बंद कसा करायचा हे पाहायला आधी तो सापडायला हवा होता.

तरुण हसला. "बरेच फोन वाजतायत. ऑफिसमध्ये आहात का?"

मुक्ता थांबली. तिने आरशात माझ्याकडे पाहिलं. मला नकारार्थी मान हलवता आली असती.

"हो," ती म्हणाली. "आमच्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे."

"अरे वा. किती गाड्या आहेत?"

"चार. म्हणजे… पाच."

"म्हणजे ड्रायव्हर लोकांना सांभाळायचा अनुभव आहे तुम्हाला. कसे असतात? त्रास देतात?"

काचेबाहेर ज्ञानोबांचा हात दिसत होता. दाराच्या कडेवर ठेवलेला. तो तिथून काढला गेला.

"देतात थोडा," मुक्ता म्हणाली.

मुलाखत आणखी चालली. तिला जे येत होतं त्यावर त्याने एकही प्रश्न विचारला नाही, कारण ते त्याला कळायला मार्गच उरला नव्हता. शेवटी "कळवतो" म्हणून त्याने फोन ठेवला.

पहिल्या सखूमावशी आल्या. टोपली आत सारत म्हणाल्या, "का रं ज्ञानोबा, बाकीच्या चार गाड्या कुठं लपवल्यास? आमाला ह्या खटाऱ्यात घालतूस व्हय?"

"शेठजी," रशीदभाई म्हणाले, "ऑफिसात आमच्यासारख्याला चहा तरी पाजत जावा."

ज्ञानोबा हसले. मग त्यांनी फडकं घेतलं आणि पुढची काच पुसायला सुरुवात केली. काच स्वच्छ होती. मुक्ता उतरून मागे गेली आणि मला म्हणाली, "तुम्ही पुढं बसा, ताई."

मी बसले. जीप सुटली. मुक्ताने ग्रुपवर काही लिहिलं नाही. पुढच्या फाट्यावर दोन माणसं उन्हात उभी होती आणि त्यांनी चढता चढता विचारलं, "आज मेसेज न्हाय आला ते?" त्या फेरीत कुठलाच पॉडकास्ट लागला नाही. रशीदभाईंनी दोनदा स्पीकरकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

येरमाळ्याला जीप रिकामी झाल्यावर ज्ञानोबा माझ्याशी बोलले. नजर रस्त्याकडे होती. "तुमी सांगितलं ते बराबरच आसंल, बाई. शिकलेल्या लोकात जीपवाला म्हणलं की मागं पडतंय माणूस. माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं. म्या तिथून लांब जाऊन बसायला पायजे व्हतं."

या जागी मला सांगता आलं असतं की चूक माझी आहे, तिचं मूळ उत्तर चांगलं होतं, मी ते बिघडवलं. मी म्हणाले, "हो, मुलाखतीत असंच सांगायची पद्धत आहे."

परत

निघताना कमलताईंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वाशीहून सुटणारी सकाळची फेरी भरलेली होती. कारखान्याच्या बायका, रशीदभाई, सखूमावशी. ज्ञानोबांनी जीप सुरू करण्याआधी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "ह्या बाई आज चालल्या. पोरीच्या मुलाखतीला लई मदत केली त्यांनी. समदं त्यांनीच शिकवलं."

बायकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. सखूमावशींनी नुसतं पाहिलं. मग टोपलीवरचं फडकं नीट करत म्हणाल्या, "व्हय का."

मुक्ता तेरखेड्याला घरी उतरली नाही, येरमाळ्यापर्यंत आली. माझी बॅग तिने उचलली. "यादीत रडका घालाल ना, ताई?" मी हो म्हणाले. घातला. भाऊ-भाऊ घातले, मास्तरीणही घातली, त्यांच्या खऱ्या नावांनी. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्या. कोणत्या पॉडकास्टने काय शिकायला मिळतं, कोणता कोणासाठी. यादी स्वच्छ झाली आणि बरीच वाचली गेली. ती वाचून कुणाला उपयोग झाला तर त्याचं श्रेय जीपचं आहे, हे तिथे लिहायचं राहिलं.

छापील चूक झाली तर आम्ही त्याच पानावर दुरुस्ती देतो. पद्धत आहे. चिंचेखालच्या चुकीला पान नव्हतं.

काही दिवसांनी मुक्ताने मला एक व्हॉइस मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "कंपनीला हे पाठवलं. चालंल ना, ताई?" मी "छान" असं लिहिलं. कंपनीने तिला घेतलं नाही. कारण कळवलं नाही. मेसेजमुळे, की त्याआधीच्या उत्तरामुळे, हे तिलाही माहीत नाही. तिची आई लग्नाचं बोलू लागली आहे. ज्ञानोबा म्हणाले आहेत की अजून एक अर्ज करू दे. हे मला रशीदभाईंनी फोनवर सांगितलं.

तो मेसेज चालत्या जीपमध्ये बोललेला आहे. सुरुवातीला ज्ञानोबांचा आवाज येतो, "गप बसा रं, पोरगी बोलायलीय." मग मुक्ताचा, तिचा स्वतःचा आवाज, मास्तरिणीचा नाही.

"सर, नमस्कार, मी मुक्ता. मुलाखतीत मी एक गोष्ट खरी सांगितली नाही. आमचं ऑफिस नाही. माझे वडील वाशी ते येरमाळा जीप चालवतात. जीप एकच आहे. ड्रायव्हर त्रास देतात म्हणाले ते पण खोटं. मी त्यांच्या शेजारी बसते आणि गाडी कुठं आली ते लोकांना कळवते. त्या दिवशी वाजत होते ते कारखान्यातल्या बायकांचे फोन होते, ते आमच्याकडं ठेवायला असतात. तसं सांगायचं माझंच मी ठरवलं. मला कुणी शिकवलं नव्हतं."

मागे इंजिन ऐकू येतं. जीपमध्ये दुसरं काही लावलेलं नाही, सगळे ऐकत असावेत. मग मागून सखूमावशींचा आवाज येतो.

"आन् त्या पुण्याच्या बाई गं?"

मेसेज तिथे तोडलेला आहे.